टप्प्याचा कॅच

शॉमबर्ग, २७ मे २००७

शंतनू,

'प्रिय' लिहिणार होते, पण तुझा कालचा मेल आठवला आणि हात आवरला. "रिलीजमध्ये बिझी. नंतर बोलू." सख्ख्या बहिणीला लिहितोस की ऑफिसातल्या सिक्युरिटीवाल्याला? मेल पाठवला तर तू तो न उघडताच पुसतोस, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हा कागद. पाकीट फोडायला तरी तुला हात वापरावा लागेल.

बाबा येऊन दोन आठवडे झाले. तब्येत ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी परत जातील. नागपूर सोडून पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपेल असं मला वाटत नाही, डॉक्टरांनाही वाटत नाही. म्हणजे त्यांना भेटायला तुझ्याकडे हाच एक उन्हाळा आहे. तुझ्या रेडमंडशेजारच्या सिअॅटलहून शिकागोचं विमान रोज सुटतं. आई गेली तेव्हा तू चार दिवस आला होतास आणि बापाशी सगळं बोलणं माझ्यामार्फत केलंस. "ताई, बाबांना विचार चहा घेणार का." बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले! या वेळी मी ते काम करणार नाही. कानाला खडा लावलाय.

आता इथली कथा ऐक. बाबांना इथे करमत नव्हतं. अनिल आणि मी ऑफिसला, रुचा शाळेत. टीव्हीवर बेसबॉल लावून बसायचे आणि संध्याकाळी मला तक्रारी सांगायचे. "हे लोक काय करून राहिले? खेळून कमी, थुंकूनच जास्त राहिले." मग गेल्या आठवड्यात एकदा फिरायला गेले आणि तरातरा परत आले. मला वाटलं रस्ता चुकले. तसं नव्हतं. मागच्या मैदानावर काही म्हातारे बाप्ये लोकरीच्या पँटी आणि छातीवर पट्टा लावलेले शर्ट घालून बॅट-बॉल खेळत होते. हातात ग्लोव्ह नाहीत. बॉल खालून टाकायचा. त्यांतला एक आपला शेजारी गॅरी, इन्शुरन्सवाला. त्याचा म्हणे क्लब आहे, 'प्रेअरी लार्क'. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या गावोगावच्या हौशी क्लबांमध्ये बेसबॉल जसा खेळायचे तसाच हे खेळतात, १८५८च्या नियमांनी. नाव घेतानासुद्धा 'बेस' आणि 'बॉल' वेगवेगळं म्हणतात.

पण बाबांचं डोकं फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. "विनू, एक टप्पा पडलेला कॅच घेतला तरी आउट देतात! वन टप्पा आउट! मोठी माणसं! आपल्या गल्लीतली पोरं खेळायची तसं!"

मी हसले. ते नाही हसले. तीस वर्षं क्रिकेटचं अंपायरिंग केलेला माणूस, त्याला हा सगळ्या खेळाचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मैदानावर हजर. आता रोज जातात.

फोन कर. रविवारी सकाळी ते घरीच असतात.

ताई


शॉमबर्ग, २४ जून

शंतनू,

फोन केलास, उपकार झाले. मी बाबांच्या टोपीची गोष्ट सांगितली तेव्हा तू खळखळून हसलास, मला ऐकू आलं. आणि "देऊ का त्यांना?" म्हटल्याबरोबर तुझा फोन कट झाला. रेडमंडला कंपनीचं एवढं मोठं आवार आहे, तिथे नेमकं माझ्याच फोनला सिग्नल जात नाही. बरं.

तर बाबा आता त्या क्लबचे अंपायर आहेत. गॅरीचा नेहमीचा अंपायर गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसला आणि बाबांचं नि गॅरीचं एव्हाना इतकं मेतकूट जमलं होतं की त्याने थेट विचारलं. 'वझलवार' त्यांना म्हणता येत नाही, म्हणून 'मिस्टर वाझ'. काळा लांब कोट, उंच हॅट, हातात काठी. हॅट मोठी होती, आत मी स्पंजचा पट्टा शिवून दिला, तरी घामाने खाली सरकते. अंपायर होमच्या, म्हणजे बॅटिंगवाला उभा राहतो त्या जागेच्या, बाजूला खुर्ची टाकून बसतो. रुचा लाजेने मरते. "आजोबा, everyone in my class can see you!" आजोबा म्हणतात, बघू दे.

टप्प्याचा कॅच त्यांनी पचवला. पण एका गोष्टीवरून रोज गॅरीशी वाद. त्या जुन्या खेळात अशी रीत होती की अंपायरला दिसलं नाही तर त्याने तसं कबूल करायचं आणि सरळ त्या खेळाडूलाच विचारायचं: महाशय, काय झालं? खेळाडू सांगेल ते खरं. त्याला माहीत नसेल तर बघायला आलेल्या लोकांना विचारायचं. गॅरी म्हणतो, जेंटलमन लोकांचा खेळ होता, खोटं कोण बोलेल? बाबा म्हणतात, "मग अंपायर कशाला पाहिजे? चोरालाच विचारून राहिले, बाबा रे, तू चोरी केली का? आणि दिसलं नाही म्हणजे काय? अंपायरला दिसतंच!"

मी तेव्हा भांडी लावत होते. 'अंपायरला दिसतंच' ऐकलं आणि हातातली ताटली आदळली. तुला कळलंच असेल का ते.

तुम्ही दोघांनी त्या मॅचच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या आहेत. आज माझी ऐक. मी तिथे मंडपात आईच्या शेजारी बसले होते. नागपूर, इंटरकॉलेज फायनल, तुझं सेकंड इयर. नेमलेल्या अंपायरला कावीळ झाली, दुसरा मिळेना, दोन्ही कॅप्टनांनी बाबांनाच उभं केलं. "वझलवार सर पोराला सुद्धा सोडणार नाहीत," असं हसत म्हणाले. तू छान खेळत होतास. विद्यापीठाच्या टीमचे सिलेक्टर पुढच्या रांगेत होते. एक बॉल कीपरकडे गेला, आरडाओरडा झाला, बाबांचं बोट वर. तू जागचा हलला नाहीस. खाली मान घालून तसाच उभा. बाबांनी पुन्हा बोट वर केलं. मग गेलास.

एवढ्यावर संपलं असतं. पण बाबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की फलंदाजाने मैदान सोडायला टाळाटाळ केली. पोटच्या पोराचा रिपोर्ट! सिलेक्टरांनी तुझं नाव गाळलं. तू किट कॉलेजच्या शिपायाला देऊन टाकलंस आणि पुन्हा कधी बॅट धरली नाहीस. आई बाबांशी महिनाभर बोलली नाही. "माझ्या पोराच्या बॅटला लागला नव्हता," हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. बाबांचं एकच, "अंपायरचा निर्णय शेवटचा." आणि तू 'हो', 'नाही', 'ठीक' एवढ्यावर आलास तो आजतागायत.

सतरा वर्षं झाली, शंतनू. लोक एवढ्या वर्षांत खून माफ करतात.

चार जुलैच्या सुट्टीला ये. तिकीट मी काढते.

ताई


शॉमबर्ग, २९ जुलै

शंतनू,

चार जुलैला तू आला नाहीस, ते मी गिळलं. पण आज जे झालं ते ऐकल्याशिवाय हे पत्र खाली ठेवू नकोस. हात जोडते.

मॅच होती. रॉकफर्डच्या बाजूच्या एका गावातली टीम आली होती, मिशा पिळून, तंबू वगैरे घेऊन. गॅरीची बायको कॅरल पायघोळ झगा घालून लिंबूसरबत वाटत होती. ऊन असं की अनिल गाडीत एसी लावून बसला. मी बाबांच्या बीपीच्या काळजीने छत्री घेऊन त्यांच्या मागे उभी. मॅच शेवटाला आलेली, गॅरी बॅटिंगला. बॉल आला, गॅरीने बॅट फिरवली, बॉल मागे गेला, एक टप्पा पडला आणि मागच्या माणसाने उचलला. बॅटला पुसटसा जरी लागला असेल तर गॅरी आउट. नसेल तर नाही. आणि नेमकी त्याच क्षणी बाबांची हॅट डोळ्यांवर आली होती. मी बघितलं ना, मी मागेच होते.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा खुर्चीतून उठले. हॅट हातात घेतली. आता ठोकून देतात निर्णय, असं मला वाटलं. पण ते नुसतेच उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली, मी पुढे झाले, तर मला हातानेच थांबवलं. आणि मग म्हणाले, "आय हॅव नॉट सीन."

शंतनू, हे वाक्य आपल्या बापाच्या तोंडून तू कुठल्या भाषेत ऐकलं आहेस?

मग गॅरीकडे वळून म्हणाले, "सर, डिड इट टच?" गॅरी म्हणाला, "इट डिड, सर," आणि बॅट ठेवून चालू लागला. पुढे त्याची टीम त्यामुळेच हरली. तरी दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवत होते, मिशावालेसुद्धा. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. पुढचा गडी आउट झाला की राहिला, हेही त्यांनी धड बघितलं असेल असं वाटत नाही.

परत येताना ते पुढे माझ्या शेजारी बसले. अनिल आणि रुचा दुसऱ्या गाडीत होते. गोल्फ रोड यायच्या जरा आधी म्हणाले, "विनू, त्या दिवशीही मला दिसलं नव्हतं."

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

"बॉलर आडवा आला होता. आवाज आला कसला तरी. बॅटचा, पॅडचा, कोणास ठाऊक."

मी म्हटलं, "बाबा, दिसलं नाही तर नॉट आउट द्यायचं असतं. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"दुसऱ्याचा पोरगा असता तर तेच दिलं असतं."

"मग?"

"लोक म्हणाले असते, बापाने वाचवला."

माझं गोल्फ रोडचं वळण चुकलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

आता तुला हवं ते मिळालं ना? त्यांनी कबूल केलं. तुला दिलेला निर्णय त्यांनी बघून दिला नव्हता. आता तरी फोन उचल आणि त्यांच्याशी बोल. हवं तर भांड. ओरड. पण बोल.

ताई


शॉमबर्ग, १९ ऑगस्ट

शंतनू,

जॅकेट मिळालं.

मी तुला एवढं मोठं पत्र लिहिलं, बापाने सतरा वर्षांनी तोंड उघडलं, आणि तू उत्तरादाखल कुरियरने जॅकेट पाठवलंस! चिठ्ठीसुद्धा नाही. माप बरोबर आहे, बाबांच्या खांद्यांचं माप तुला अजून आठवतं, हे बघून मला कौतुक वाटावं की डोकं आपटावं ते कळेना. इथे अंगाची लाही होते आहे आणि ते सकाळपासून जॅकेट घालून डेकवर बसलेत. रुचा म्हणाली, "आजोबा, it's like ninety degrees!" तर म्हणे, "मामाने पाठवलं आहे ना."

ते रोज टपालपेटीपर्यंत जाऊन येतात. मला सांगतात पाय मोकळे करायला जातो.

तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात. एक बोलायला सतरा वर्षं घेतो, दुसरा ऐकल्यावर दुकानात जातो. मी मधल्यामध्ये भरडली जाते आहे. ऑफिसमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, त्याचा पगार तरी मिळतो.

खालचं मी लिहिलेलं नाही. मी पाकीट बंद करत होते तर म्हणाले, थांब, जागा आहे का खाली. पेन घेऊन बराच वेळ बसले होते. मी काही सुचवलं नाही.

ताई

चि. शंतनू यास आशीर्वाद. त्या मॅचमध्ये चेंडू तुझ्या बॅटला लागला होता किंवा कसे, हे मला दिसले नव्हते. तेव्हाच तुला विचारायला हवे होते. आता विचारतो आहे. तू सांगशील ते मला मान्य आहे. जॅकेट छान आहे.
— बाबा


शॉमबर्ग, १० सप्टेंबर

शंतनू,

गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा बाबांनी तो स्पीकरवर ठेवला होता. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते कुणाला सांगायचं नसतं, म्हणून घरातले सगळे फोन स्पीकरवर. मी ओट्याशी पोळ्या करत होते. सगळं ऐकलं. तुला ठाऊक असलेलं बरं.

तू म्हणालास, "लागला होता, बाबा."

माझी पोळी तव्यावर जळली. लागला होता! शंतनू, लागला होता? आठवून आठवून बघितलं मी, तू कधी 'लागला नव्हता' असं म्हणाला होतास का? नाहीच म्हणालास. आम्हीच तुझ्या वतीने म्हणत होतो. मी म्हणत होते, आपला मामा म्हणत होता. आणि आई तर शेवटपर्यंत म्हणत होती. आई गेली रे ते म्हणत, आणि तू तिला एकदा सांगितलं नाहीस. याचा मला इतका राग आला आहे की पुढे कधी उतरेल ते सांगता येत नाही. उतरला की कळवीन.

बाबांनी विचारलं, "मग उभा का राहिलास?" तेव्हा तू जे बोललास ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते आहे, म्हणजे तुम्ही दोघं पुन्हा याच्या दोन आवृत्त्या काढणार नाही.

"मी निघालोच होतो, बाबा. बॅट काखेत घेतली होती. मला तुम्हाला दाखवायचं होतं की मी स्वतःहून निघतो. तुम्हीच शिकवलं होतं ना, आउट असलं की अंपायरकडे बघायचं पण नाही, चालू लागायचं. मी वळलो तर तुमचं बोट आधीच वर. कोणी धड अपीलही केलं नव्हतं. मग निघालो असतो तर तुम्ही हाकललं म्हणून निघालो, असंच झालं असतं. पाय उचललाच नाही माझा. आणि तुम्ही लिहिलंत, टाळाटाळ केली."

बाबा एवढंच म्हणाले, "तू निघाला होतास?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो, बाबा."

त्यानंतर बाबांनी तुला रेडमंडला पाऊस आहे का ते विचारलं. तू सांगितलंस, आहे. धन्य आहे दोघांची! मी गॅस बंद करून न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये ते तुझ्याकडे येणार आहेत, परतीचं तिकीट सिअ‍ॅटलहून निघणारं घे असा मला हुकूम झाला आहे. त्यांना गोड देऊ नकोस, बीपीची गोळी सकाळची आहे, आणि टीव्हीचा आवाज ते मोठा ठेवतात. आता तू सांभाळ. मला महिनाभर तुमच्यापैकी कुणाचाही फोन नको.

पण कालचं सांगायचं राहिलं. सीझनची शेवटची मॅच होती. संपल्यावर त्या लोकांची रीत अशी की दोन्ही टीम समोरासमोर ओळीने उभ्या राहतात, दोन्ही कॅप्टन चार शब्द बोलतात, एकमेकांचे आभार मानतात, आणि मग टोप्या काढून समोरच्यांचा जयजयकार करायचा. काल गॅरीने सांगितलं की मिस्टर वाझ पुढच्या महिन्यात चालले, त्यांनीही बोलावं. मला वाटलं थँक्यू म्हणून खाली बसतील.

बाबांनी हॅट काढली. अंगात तुझं जॅकेट होतं, त्या काळ्या कोटाच्या आत, दिसायला भयंकर. म्हणाले, "इन माय कंट्री, इन वन मॅच, माय सन वॉज वॉकिंग." थांबले. गॅरीने मान हलवली, जणू पुढचं येऊ द्या. बाबा म्हणाले, "ही वॉज वॉकिंग बाय हिमसेल्फ. आय डिड नॉट वेट."

एवढंच. खाली बसले.

त्या लोकांना काय कळलं देव जाणे. अनिललासुद्धा मी नंतर समजावून सांगितलं. पण त्या ओळींतला एकही माणूस हसला नाही. गॅरीने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या, आणि "मिस्टर वाझच्या मुलासाठी" म्हणून तीनदा 'हुझा', म्हणजे त्यांचं जुनं 'हुर्रे', ओरडले. तुझ्यासाठी, शंतनू. तुला कधीही न बघितलेली ती लोकरीच्या पँटीतली मिशावाली माणसं. बाबा खुर्चीत बसून सगळ्यांसमोर रडत होते, हॅट मांडीवर घेऊन. रुचा धावत जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली, वर्गातली मुलं बघत असतानासुद्धा.

मीही रडले. इतकी वर्षं तुमच्या दोघांवर चिडून काढली आणि शेवटी तुमच्यासाठीच रडावं लागलं, याचाही मला रागच आला आहे.

तुझी,
ताई